न ऐकू येणारी साक्ष

१८८४च्या मे महिन्यात व्हिएन्नातल्या सिग्मंड फ्रॉइड या तरुण डॉक्टरने आपल्या एका मित्राला कोकेन दिले. मित्राचे नाव एर्न्स्ट फॉन फ्लाइश्ल-मार्क्सोव. शवविच्छेदन करताना जंतुसंसर्ग होऊन त्याचा अंगठा कापावा लागला होता. त्या वेदनांपायी तो मॉर्फिनच्या आहारी गेला होता, आणि कोकेनने मॉर्फिन सुटेल अशी फ्रॉइडची समजूत होती. मॉर्फिन सुटले नाही. वर कोकेन जडले. १८९१मध्ये, वयाच्या ४५व्या वर्षी, फ्लाइश्ल गेला. फ्रॉइडही त्या काळात कोकेन घेत होता, पुढे काही वर्षे घेत राहिला, आणि त्यातून सुटला. तुलना सरळ नाही हे मान्य, कारण एकजण आधीच वेदनेत आणि मॉर्फिनमध्ये बुडालेला होता. तरीही प्रश्न उरतोच. तेच द्रव्य एकाला गिळते आणि दुसऱ्याला सोडते ते का? कोण अडकणार हे आधी ओळखता येईल का?

माणसांना कोकेन देऊन याचे उत्तर शोधता येत नाही. म्हणून तो प्रश्न उंदरांकडे गेला. माझा प्रयोगशाळेशी संबंध वाचनापुरताच. पण विज्ञानाच्या इतिहासात रस असल्याने या शोधातल्या एका धाग्याने मला बराच काळ धरून ठेवले आहे. तो धागा उंदराच्या आवाजाचा. आपल्याकडे ‘उंदराला मांजर साक्ष’ म्हणतात. इथे उंदीरच स्वतःच्या बाजूने साक्षीला उभा आहे, फक्त त्याचे बोलणे आपल्या कानांना ऐकू येत नाही.

माणसाचा कान सेकंदाला साधारण २० हजार कंपनांपर्यंतचा आवाज पकडतो. त्यापलीकडचे प्राणी-आवाज ऐकण्याची सोय झाली ती वटवाघुळांमुळे. हार्वर्डमध्ये जॉर्ज पिअर्स यांनी असे उच्च स्वर पकडणारे यंत्र बनवले होते. डोनाल्ड ग्रिफिन हा विद्यार्थी त्यांच्याकडे वटवाघळे घेऊन गेला आणि १९३८मध्ये दोघांनी त्यांचे अतिउच्च स्वर नोंदवले. प्रयोगशाळेतले पांढरे उंदीरही असे आवाज काढतात, हे १९५४मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. गंमत अशी, की त्याच १९५४ साली मॉन्ट्रिअलमध्ये जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिल्नर यांनी उंदराच्या मेंदूत बारीक तार बसवून दाखवले, की ठरावीक जागी विजेचा हलका झटका मिळत असेल तर उंदीर तो मिळवण्यासाठी पुन:पुन्हा कळ दाबतो. मेंदूतल्या ‘हवेसे’पणाचा ठावठिकाणा तिथे लागला. हे दोन शोध एकाच वर्षीचे, आणि त्यांची गाठ पडायला जवळजवळ अर्धे शतक गेले.

मधल्या काळात दोन स्वर वेगळे ओळखले गेले. एक सुमारे २२ किलोहर्ट्झचा, लांब ओढलेला. तो बहुधा भीतीचा, संकटाचा. दुसरा ५० किलोहर्ट्झच्या आसपासचा, तुटक, नाचरा. हा दुसरा आनंदाचा आहे असे ठामपणे म्हणणारा माणूस म्हणजे याक पँक्सेप. एस्टोनियात जन्मलेला हा शास्त्रज्ञ अमेरिकेत ओहायोतल्या बोलिंग ग्रीन विद्यापीठात लहान उंदरांच्या दंगामस्तीचा अभ्यास करत होता. खेळताना ती पिले ५० किलोहर्ट्झमध्ये चिवचिवत असत. मग जेफ्री बर्गडॉर्फ या सहकाऱ्याबरोबर त्याने उंदरांना चक्क हाताने गुदगुल्या केल्या, आणि वटवाघळांसाठी बनवलेल्या यंत्रावर तोच स्वर भरभरून उमटला. उंदीर हसतात, असे पँक्सेप म्हणू लागला. वर्तनवादाच्या शिस्तीत वाढलेल्या अनेक सहव्यावसायिकांना हे रुचले नाही, कारण त्या शिस्तीत प्राण्याच्या ‘भावने’ला जागाच नव्हती.

इथून व्यसनाचा रस्ता जवळ होता. १९९९मध्ये ब्रायन नुट्सन, बर्गडॉर्फ आणि पँक्सेप यांनी दाखवले, की ज्या जागी पूर्वी अँफेटामिन मिळाले तिथे नुसते ठेवले तरी उंदीर हा स्वर काढतात. २००० साली ओल्ड्स-मिल्नरच्या विजेच्या बक्षिसाची वाट पाहतानाही तोच स्वर ऐकू आला, आणि १९५४ची ती गाठ अखेर बसली. पुढच्याच वर्षी अँफेटामिन थेट मेंदूतल्या न्यूक्लिअस अक्युम्बेन्स या भागात सोडले, तेव्हाही उंदीर बोलला. डोपामिनची वर्दळ असलेला हाच तो भाग.

नंतरच्या प्रयोगांत आणखी एक गोष्ट दिसली. अँफेटामिन किंवा कोकेन पुन:पुन्हा दिले की मात्रा तीच राहूनही आवाज वाढत जातो. इतकेच नव्हे, तर द्रव्य मिळण्याआधीच, नुसत्या अपेक्षेने, तो सुरू होतो. टेरी रॉबिन्सन आणि केंट बेरिज यांनी १९९३मध्ये मांडले होते, की व्यसनात ‘आवडणे’ नव्हे तर ‘हवे असणे’ फुगत जाते. या चिवचिवाटाने त्या सिद्धांताला जणू आवाज मिळाला.

पण सगळे उंदीर सारखे बोलत नाहीत. गुदगुल्यांना कोण किती बोलतो यावरून निवड करून पैदास केली, तर बोलक्या आणि अबोल अशा दोन वंशरेषा तयार होतात. रॉबिन्सन यांच्याच मिशिगनमधल्या प्रयोगशाळेतून २०१२मध्ये आलेला निष्कर्ष तर आपल्या मूळ प्रश्नालाच भिडतो. खाऊ येण्याची खूण म्हणून एक दांडी पुढे सरकते. काही उंदीर खाऊच्या वाटीकडे जातात. काही त्या दांडीलाच जाऊन बिलगतात, कुरतडतात. या दुसऱ्या जातकुळीच्या उंदरांना पुढे कोकेनची खूणही अधिक ओढते, आणि त्यांचा ५० किलोहर्ट्झचा आवाजही अधिक असतो. म्हणजे खुणेच्या नादी लागणाऱ्याची ओळख त्याच्या आवाजातही लागते.

याचा अर्थ भविष्य कळले असा घेण्याचा मोह होतो. तो आवरावा, असे माझे मत आहे, आणि त्याला कारण इतिहासातच आहे. १९८९मध्ये बोर्दो येथे पियात्झा आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की नव्या जागी जास्त धावपळ करणारे उंदीर अँफेटामिन स्वतःहून घ्यायला लवकर शिकतात. सर्वांना वाटले, खूण सापडली. २००४मध्ये त्याच गटाने उंदरांना सुमारे तीन महिने कोकेन उपलब्ध ठेवले आणि तीन कसोट्या लावल्या: मिळत नसतानाही कळ दाबणे, त्यासाठी वाटेल तेवढे कष्ट करणे, झटका बसला तरी न थांबणे. तिन्ही लागू झाले फक्त १७ टक्के उंदरांना, आणि नव्या जागेतल्या धावपळीवरून ते ओळखता आले नसते. २००८मध्ये असे दिसले, की सक्तीच्या सेवनाचा अंदाज उतावळेपणावरून अधिक लागतो. सुरुवात कोण करेल आणि अडकेल कोण, हे दोन वेगळे प्रश्न ठरले. उंदराचा चिवचिवाट ‘हवे आहे’ एवढे खात्रीने सांगतो. ‘सुटणार नाही’ हे नव्हे. शिवाय मॉर्फिनसारख्या द्रव्यांबाबत निष्कर्ष एकसारखे नाहीत, तेव्हा फ्लाइश्लच्या पहिल्या व्यसनाबद्दल ही साक्ष बहुधा गप्पच बसली असती.

मला खरी अडचण मात्र वेगळीच वाटते. हा आवाज पुरावा ठरतो तो उंदराला काहीतरी वाटते असे मानले तरच. वाटत नसेल तर तो नुसता घशातला वारा, आणि त्यावरून माणसाच्या हव्यासाबद्दल काही सांगण्याचा हक्क राहत नाही. वाटत असेल, तर ज्याची साक्ष घ्यायची त्यालाच आपण व्यसन लावतो आहोत. पँक्सेपला ही अडचण दिसत होती. २०१७मध्ये वारेपर्यंत तो प्राण्यांच्या भावना खऱ्या आहेत असे सांगत राहिला. अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठात कोकेन स्वतः घेणाऱ्या उंदरांचे आवाज नोंदवले गेले. शरीरातली पातळी उंदराला हवी त्याखाली घसरली की ५०चा स्वर मागे पडून २२चा, संकटाचा, सुरू होई. शोधनिबंधांत त्याला सहसा कोणी रडणे म्हणत नाही, जसे दुसऱ्याला हसणे म्हणत नाहीत. दोन्हींसाठी तीन अक्षरांचा एकच इंग्रजी संक्षेप आहे, आणि पुढे मिनिटाला किती, तो आकडा.