फोकअर्थ: वेगवेगळ्या देशांतले वादक घरबसल्या एक अल्बम कसा तयार करतात?

फोकअर्थ हा एक आंतरराष्ट्रीय फोक मेटल प्रकल्प आहे. मी मुद्दाम ‘बँड’ म्हणत नाहीये, कारण बँड म्हटलं की एका खोलीत जमून सराव करणारी चार-पाच पोरं डोळ्यासमोर येतात. इथे तसं काही नाही. ग्रीस, स्वीडन आणि इतर देशांतले गायक-वादक आपापला भाग आपापल्या ठिकाणी रेकॉर्ड करतात, फाइल्स एकमेकांना पाठवतात आणि शेवटी कोणीतरी ते सगळं जोडून गाणं तयार करतो. पहिला अल्बम ‘अ नॉर्डिक पोएम’ २००४ मध्ये आला, ‘बाय द सोर्ड ऑफ माय फादर’ २००६ मध्ये. पुढेही अल्बम येत राहिले आणि याच पद्धतीने चालणारा फोकोडिया नावाचा दुसरा प्रकल्पही निघाला.

वर्ष बघा. २००४. तेव्हा आजच्यासारखे स्मार्टफोन नव्हते, गूगल ड्राइव्ह नव्हतं. मग हे जमलं कसं? आणि आज तुमच्या खिशातल्या फोनवर ते किती सोपं झालंय?

आधी थोडक्यात: फोक मेटल म्हणजे काय?

जड, विकृत आवाजाची इलेक्ट्रिक गिटार, वेगवान ड्रम्स आणि त्यांच्या जोडीला लोकसंगीतातली वाद्यं: फिडल, टिन व्हिसल, बॅगपाइप. इंग्लंडच्या स्कायक्लॅडने १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला हा प्रकार रुजवला. आपल्याकडचं उदाहरण हवं असेल तर दिल्लीचा ब्लडीवूड ऐका, त्यात ढोल आहे.

अडचण अशी की एकाच शहरात चांगला मेटल ड्रमर, फिडल वाजवणारा आणि बॅगपाइपवाला मिळणं कठीण. म्हणून बरेच बँड कीबोर्डवरच बासरी आणि फिडलचे आवाज काढून वेळ मारून नेतात. माझ्या मते अशा प्रकल्पाचा खरा फायदा इथे आहे. जे वाद्य ज्याला येतं, ते त्यानेच वाजवायचं, मग तो कुठल्याही देशात राहू दे.

मग व्हिडिओ कॉल लावून एकत्र का वाजवत नाहीत?

व्हिडिओ कॉलवर सगळ्यांनी मिळून ‘हॅपी बर्थडे’ म्हटलंय कधी? जो गोंधळ होतो, त्याचं नाव लेटन्सी. म्हणजे आवाज पोचायला लागणारा उशीर.

अथेन्स ते स्टॉकहोम सरळ रेषेत साधारण २,४०० किलोमीटर. फायबर केबलमध्ये प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे फक्त एका बाजूने जायलाच १२ मिलिसेकंद. पण केबल सरळ रेषेत नसते, मध्ये राउटर असतात, आणि दोन्हीकडचे कॉम्प्युटर आवाजाचे तुकडे साठवून मग पुढे ढकलतात. आकडा सहज दुप्पट-तिप्पट होतो. वादकांना साधारण २५-३० मिलिसेकंदांपर्यंतचा उशीर चालतो. हवेतून आवाज तेवढ्या वेळात सुमारे १० मीटर जातो, म्हणजे सोबतचा वादक तुमच्यापासून १० मीटरवर उभा असल्यासारखं. त्यापलीकडे ताल घसरायला लागतो.

आणि मेटलमध्ये तर विचारूच नका. मिनिटाला १८० ठोक्यांच्या गाण्यात एका ठोक्याचे चार भाग केले, तर दोन आघातांमध्ये फक्त ८३ मिलिसेकंद उरतात. त्यात ४० मिलिसेकंदांची चूक म्हणजे जवळजवळ अर्धं अंतर गायब.

यावर उपाय शोधणारे आहेत. जॅकट्रिप आणि जॅम्युलस ही मोफत सॉफ्टवेअर्स उशीर शक्य तितका कमी करतात, जवळच्या शहरांत ती बरी चालतात. निन्जॅमने उलटीच युक्ती केली: उशीर वाढवून ठराविक मात्रांच्या पूर्ण आवर्तनाएवढा केला! तुम्ही समोरच्याचं मागचं आवर्तन ऐकत पुढचं वाजवता. डोकेबाज आहे, पण ठरलेल्या गाण्याला निरुपयोगी.

क्लिक ट्रॅक: सगळ्यांचा समान ठोका

म्हणून अल्बमसाठी लाइव्हचा नादच सोडायचा. गाण्याचा वेग आधी ठरतो, त्या वेगाची ‘टिक-टिक’ म्हणजे क्लिक ट्रॅक बनतो, त्यावर कच्ची गिटार. ही गाइड फाइल सगळ्यांना जाते. प्रत्येकजण हेडफोनमध्ये क्लिक ऐकत आपला भाग वाजवतो.

एक नियम मात्र मोडायचा नाही: प्रत्येक फाइल गाण्याच्या अगदी शून्य सेकंदापासून सुरू झाली पाहिजे. तुमची बासरी तिसऱ्या मिनिटाला येत असली तरी आधीची तीन मिनिटं शांतता पाठवा. मग मिक्स करणारा सगळ्या फाइल्स एका रेषेत ठेवतो आणि त्या आपोआप जुळतात. नाहीतर बिचाऱ्याला प्रत्येक फाइल कानाने सरकवत बसावं लागतं.

फाइल केवढी असते? सीडीच्या दर्जाची, म्हणजे ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिटची, एका चॅनेलची वेव्ह फाइल मिनिटाला सुमारे ५.३ एमबी. पाच मिनिटांचं गाणं २६ एमबीच्या वर. ५६ केबीपीएसच्या डायलअपवर ती डाउनलोड करायला अगदी आदर्श परिस्थितीतही तासाभराच्या वर, आणि अपलोडचा वेग त्याहून कमी. असे २० ट्रॅक असले तर हिशोब तुम्हीच करा. २००४ च्या सुमाराला ब्रॉडबँड पसरत होतं म्हणूनच अशा प्रकल्पांना दम आला. आज तीच फाइल फोरजीवर चहा गाळेपर्यंत जाते.

एमपीथ्री लहान असते, पण तिच्यात एक खोच आहे. एमपीथ्री बनताना फाइलच्या सुरुवातीला साधारण २५ मिलिसेकंदांची, कधी त्याहून जास्त, शांतता घुसू शकते. तुम्ही एमपीथ्री गाइड ऐकून वाजवलं आणि मूळ प्रोजेक्टमध्ये ती वेव्ह ठेवली, तर सगळं किंचित उशिरा येतं. वाजवणाऱ्याला वाटतं आपलाच ताल कच्चा. त्याचा काही दोष नसतो.

पट्टी कुठली?

आपल्याकडे गायकाला पहिला प्रश्न हाच असतो. इथेही तसंच. गिटार पाहिजे तशी उतरवता येते, पण डी पट्टीची टिन व्हिसल डीच राहणार. स्कॉटिश हायलँड बॅगपाइप तर आणखी हट्टी: त्याचा ‘ए’ नेहमीच्या ४४० हर्ट्झऐवजी ४७०-४८० च्या आसपास असतो. त्यामुळे शहाणा संगीतकार आधी लोकवाद्याची पट्टी विचारतो आणि गाणं त्याप्रमाणे बांधतो.

फोनवर करायचं असेल तर

बँडलॅब हे ॲप अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींवर मोफत चालतं. त्यात मेट्रोनोम आहे आणि एकाच गाण्यावर अनेक जण काम करू शकतात. ब्लूटूथ इअरबड्स वापरू नका, त्यांचा उशीर १५०-२०० मिलिसेकंदांपर्यंत जातो. वायरवाले हेडफोन घ्या. आणि फाइल व्हॉट्सॲपवर पाठवायची असेल तर व्हॉइस नोट नको, ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, म्हणजे ती आहे तशीच जाते.

एवढं करूनही एक गोष्ट मिळत नाही. एका खोलीत वाजवताना ड्रमर जोरात आला की गिटारवाला आपोआप त्याच्याकडे झुकतो. क्लिकवर कोणी कोणाकडे झुकत नाही. अशी फाइल-फाइल जोडून केलेली गाणी ऐकताना मला कधीकधी ते जाणवतं. सगळे बरोबर, पण जरा ताठ. म्हणून मी सुचवेन की ड्रम्स शेवटी परत वाजवून घ्या. ड्रमरने बाकी सगळे ऐकून वाजवलं की गाण्यात थोडा जीव येतो.

राहिला प्रश्न मालकीचा, आणि मैत्री तुटते ती इथेच. भारतात कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे. चाल, शब्द आणि रेकॉर्डिंग यांचे हक्क वेगवेगळे असतात, आणि दुसऱ्या देशातल्या साथीदाराला त्याच्या देशाचा कायदा लागू शकतो. त्यामुळे २० फाइल्सच्या फोल्डरमध्ये पहिल्याच दिवशी एकविसावी फाइल टाका, साधी मजकुराची: चाल कोणाची, शब्द कोणाचे, कोणी काय वाजवलं, पैसे आले तर कोणाचा हिस्सा किती, आणि नाव कुठल्या स्पेलिंगने छापायचं. सगळ्यांकडून त्यावर ‘मान्य’ असा ईमेल घ्या, आणि मगच मिक्सिंगला बसा.