शिध्याची कुळकथा

जबलपूरच्या ग्वारीघाटावर दिवे लागायच्या सुमाराला नर्मदेचे परिक्रमावासी पोहोचतात. आश्रमाच्या दारात पहिला प्रश्न येतो, ‘कितने मूर्ति?’ नर्मदाकाठी परिक्रमेतली माणसं मोजत नाहीत, मूर्ती मोजतात. दुसरा प्रश्न, ‘भोजनप्रसादी की सदाव्रत?’ भोजनप्रसादी म्हणजे शिजलेलं जेवण. सदाव्रत म्हणजे दर मूर्तीमागे कणीक, डाळ, तांदूळ, मीठ-मिरची, कुठे गुळाचा खडा, कुठे चमचाभर तूप. मराठी परिक्रमावासी त्याला सवयीने शिधाच म्हणतो.

हिंदीतला ‘सीधा’ आणि आपला ‘शिधा’ एकाच कुळातले. मूळ संस्कृत ‘सिद्ध’. गंमत अशी, की सिद्धान्न म्हणजे शिजलेलं अन्न आणि शिधा मात्र कच्चा! पण सिद्ध म्हणजे सज्जही. दळलेलं पीठ, भरडलेली डाळ. चूल पेटवायचाच अवकाश, असा त्याचा उलगडा करता येतो. कच्चेपणाचा फायदाही होता. सोवळ्याओवळ्याच्या काळात शिजलेलं अन्न कोणाच्या हातचं खायचं यावर बंधनं होती, कोरडा शिधा कोणाकडूनही घेता येई. म्हणून दानधर्मात तो टिकला. महेश्वरहून १७६७ ते १७९५ कारभार करणाऱ्या अहिल्याबाई होळकरांची अन्नछत्रं दानधर्माच्या याच परंपरेतली. पुढे हा शब्द सरकारदरबारी गेला. १९४३ साली मुंबईत रेशनिंग आलं. रेशनकार्डाची आज ‘शिधापत्रिका’ झाली आहे. २०२२च्या दिवाळीत महाराष्ट्र सरकारने शंभर रुपयांत दिलेल्या रवा-साखर-चणाडाळ-पामतेलाच्या पिशवीचं नावही ‘आनंदाचा शिधा’च.

दिवसभर वीसेक किलोमीटर चाललेल्या परिक्रमावासीच्या पायांना सदाव्रताच्या शिध्यातून काय मिळतं? चालताना स्नायूंतला ग्लायकोजेनचा साठा आटतो, तो कर्बोदकांनी भरतो. झिजलेले तंतू प्रथिनांनी सांधले जातात. दोनशे ग्रॅम कणकेत सुमारे १३० ग्रॅम कर्बोदकं आणि २० ग्रॅम प्रथिनं, पन्नास ग्रॅम तूरडाळीत आणखी ११ ग्रॅम प्रथिनं. गव्हात लायसिन कमी, ते डाळीत भरपूर. डाळीत मेथिओनिन कमी, ते गहू पुरवतो. व्यायामानंतरच्या एका खाण्यात २० ते २५ ग्रॅम प्रथिनं असावीत, असं क्रीडा-आहारशास्त्र सांगतं. ती या ताटात सहज भरतात.

मात्र शिध्याला वेळ लागतो. काटक्या गोळा करा, कणीक मळा, डाळ शिजेपर्यंत धूर खा. व्यायाम संपताच घाईने प्रथिनं-कर्बोदकांच्या पेयाचा पेला रिकामा करणाऱ्याला हा उशीर परवडणार नाही. त्याची घाई खरी कामाची, ती काही तासांतच पुन्हा धावायचं असेल तेव्हा. परिक्रमावासी उठणार उद्या पहाटे. साठा भरायला त्याच्याकडे अख्खी रात्र आहे. तोवर गुळाचा खडा जिभेवर असतोच.

डाळीला उकळी येते, निखाऱ्यावर कणकेचं जाड टिक्कड खरपूस होतं. पहिला घास नर्मदामाईला. शिधा आता कुठे सिद्ध झाला.