मान आणि मन

सकाळी उठताना मान अवघडली की आपल्या घरांतून 'मान धरली' म्हणतात. चार दिवस शेक, तेल, फार तर एखादी गोळी, आणि विषय संपतो. आम्ही येथे ज्या विकाराविषयी लिहीत आहोत तो निराळा. त्यात मानेचे स्नायू इच्छेविरुद्ध आकसतात, मस्तक एका बाजूस वळते, झटके देते, आणि हे वर्षानुवर्षे चालते.

या रुग्णांनी वेदनेइतकाच संशयही सोसला. पॅरिसच्या एदुआर ब्रिसो यांनी १८९४च्या सुमारास या विकारास 'मानसिक' ठरविले. आधार काय, तर रुग्णाने हनुवटीस नुसते बोट लावले तरी मान पुष्कळदा सरळ होते! इतक्या हलक्या स्पर्शाने थांबणारे आकुंचन खरे कसे असेल, हा दुर्बल मनाचाच खेळ, असे अनुमान निघाले. मेज आणि फँदेल यांच्या १९०२च्या ग्रंथाने ते अधिक पक्के केले. निरीक्षण अचूक होते, निष्कर्ष मात्र उलटा. बोटाची ती युक्ती आज याच विकाराची ओळखखूण मानली जाते, आणि मूळ मेंदूतील हालचालींचे नियमन करणाऱ्या जाळ्याच्या बिघाडात शोधले जाते. बर्लिनच्या ओपेनहाइम यांनी १९११मध्ये 'डिस्टोनिया' हा शब्द दिला, तरी वाकड्या मानेच्या रुग्णांस मनोविश्लेषकाकडे धाडणे कित्येक दशके सुटले नाही. लंडनच्या डेव्हिड मार्सडेन यांनी १९७०च्या दशकात हा मज्जासंस्थेचाच विकार असल्याचे आग्रहाने मांडले, तेव्हा कुठे वारे फिरले.

औषधांची कथा योगायोगांची आहे. फ्रँक बर्जर लंडनमध्ये पेनिसिलिन टिकविणारे रसायन शोधीत होते. त्यातले एक दिलेले उंदीर शुद्धीवर असूनही सैल पडले. तेच मेफेनेसिन (१९४६). पुढे त्याच वाटेने मेप्रोबामेट आणि १९५९मध्ये कॅरिसोप्रोडॉल आले, १९६३मध्ये डायझेपाम. साध्या लचकेस यांचा उपयोग होतो. पण ही औषधे साऱ्या शरीरभर काम करतात. हट्टी मानेस सैल करण्याइतकी मात्रा द्यावी तर माणूस आधी पेंगू लागतो.

उपाय निघाला तो विषातून. खराब सॉसेजच्या विषबाधेचे वर्णन करणारे जर्मन वैद्य यूस्टिनुस केर्नर (ते कवीही होते) यांनी १८२२मध्येच हे विष अतिचंचल नसांवर औषध ठरू शकेल असे सुचविले होते. सॅन फ्रान्सिस्कोच्या अ‍ॅलन स्कॉट यांनी ते अत्यल्प मात्रेत तिरळ्या डोळ्यांच्या स्नायूंत टोचले व १९८०मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. नसेच्या टोकाशी अ‍ॅसिटिलकोलिन बाहेर पडणे त्याने थांबते. टोचलेला स्नायू तेवढा दुबळा होतो, बाकी शरीर जागे राहते. व्हँकूव्हरच्या जोसेफ त्सुई व सहकाऱ्यांनी १९८६मध्ये मानेवरील चाचणी प्रसिद्ध केली. अमेरिकेत या वापरास मान्यता मिळावयास २००० साल उजाडले.

गुण साधारण तीन महिने टिकतो, मग पुन्हा सुई. औषध शेजारच्या स्नायूंत पसरल्यास काही दिवस घास गिळणे जड जाते.