एकच बंदी, दोन कारणं

माझ्या पहिल्या प्रकरणाच्या मसुद्यात एक वाक्य होतं: ‘कॉपीराइटच्या भीतीने 2000 साली इंडियाना विद्यापीठाने नॅपस्टरवर बंदी घातली.’ गाइडने त्याखाली लाल रेघ मारून एवढंच विचारलं, “कुठली बंदी?” मी गप्प. कारण बंदी दोनदा घातली गेली होती.

आधी पार्श्वभूमी बघू. 1999 साली शॉन फॅनिंग या अमेरिकन विद्यार्थ्याने नॅपस्टर आणलं. कुठलं गाणं कुणाकडे आहे याची यादी मध्यवर्ती सर्व्हरवर असायची. गाणं मात्र थेट एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर जायचं. तेव्हा बहुतेक घरांत संथ मोडेम होते, पण अमेरिकेतल्या अनेक होस्टेलांत वेगवान नेटवर्क होतं. त्यामुळे होस्टेलमधली मुलं गाणी उतरवून घ्यायचीच, शिवाय बाहेरचे लोकही त्यांच्या कॉम्प्युटरवरून गाणी ओढायचे. विद्यापीठाला बाहेरच्या जगाशी जोडणारी लाइन तुंबायची आणि बाकीची कामं रखडायची.

म्हणून फेब्रुवारी 2000 मध्ये इंडियानाने नॅपस्टर बंद केलं. कारण होतं बँडविड्थ. विद्यार्थ्यांनी याला सेन्सॉरशिप म्हटलं, सह्यांची मोहीम काढली. मग तांत्रिक तोडगा निघाला: शक्य तिथे ही वाहतूक विद्यापीठांना जोडणाऱ्या इंटरनेट2 या वेगळ्या नेटवर्कवरून वळवायची. मार्चमध्ये बंदी उठली.

पण 13 एप्रिलला मेटालिका या बँडने नॅपस्टरवर खटला भरला आणि त्यात इंडियाना, येल आणि सदर्न कॅलिफोर्निया या विद्यापीठांनाही ओढलं. थोड्याच दिवसांत इंडियानाने पुन्हा नॅपस्टर बंद केलं. या वेळी प्रश्न लाइनचा नव्हता, कोर्टाचा होता.

आता माझी चूक बघा. मी दुसऱ्या बंदीचं कारण पहिलीला चिकटवलं होतं. त्यामुळे मधला तो तोडगाच माझ्या इतिहासातून गायब झाला. नेटवर्क चालवणाऱ्यांना प्रश्न सोडवता आला होता, तो नंतर त्यांच्या हातातून निसटून वकिलांकडे गेला. खरा शोधप्रश्न तर इथेच होता!

तेव्हा तुम्ही कागदपत्रं चाळाल तेव्हा निर्णयासमोर नुसतं वर्ष लिहू नका, महिना आणि तारीखही लिहा. शेजारी आणखी एक रकाना आखा: ‘त्या दिवशी सांगितलेलं कारण’. निर्णय तोच दिसला, तरी कारण बदललेलं असू शकतं.

माझं ते वाक्य आता दीड पानाचं झालंय.