अलॉय व्हीलचे नूतनीकरण : झळाळीआधी पाणी आणि रस्ता पाहा

अलॉय व्हीलची झळाळी गेली की मोटारीचे निम्मे रूप उतरते. कडांवरचे ओरखडे, लॅकरचे सुटलेले पोपडे आणि त्याखालचे पांढुरके डाग पाहून वाहनधारक दुकान गाठतो आणि पहिला प्रश्न विचारतो तो रंगाचा. वास्तविक रंगाचा प्रश्न सर्वांत शेवटी यायला हवा. चाक दुरुस्तीच्या योग्यतेचे आहे का आणि ते कोणत्या रस्त्यावर धावणार व कोणत्या पाण्याने धुतले जाणार, हे आधी ठरले पाहिजे. बारामती आणि इंदापूर तालुक्यांतील वाहनधारकांसाठी तर हे दोन प्रश्न विशेष महत्त्वाचे आहेत.

खारे पाणी, काळी माती

अ‍ॅल्युमिनियम लोखंडासारखे तांबूस गंजत नाही. हवेशी संपर्क येताच त्यावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर तयार होतो आणि तोच थर धातूचे रक्षण करतो. मात्र पाण्यातील क्लोराइड क्षार हे कवच भेदतात. मग धातूवर बारीक खड्डे पडतात, पांढरी भुकटी जमते आणि वरचा लेप फुगून सुटू लागतो.

नीरा डाव्या कालव्याच्या लाभक्षेत्रातील खारपड जमिनींचा प्रश्न ब्रिटिश काळापासून अभ्यासला गेला आहे. बागायती पट्ट्यातील अनेक विहिरी आणि कूपनलिकांचे पाणी जड किंवा मचूळ असते. अशा पाण्याने धुतलेली मोटार उन्हात वाळली की चाकांवर क्षारांचे पांढरे ठिपके उमटतात. लेप शाबूत असेल तर नुकसान केवळ दिसण्याचे. लेपाला चीर गेली असेल तर तेथूनच क्षरण सुरू होते.

दुसरा शत्रू काळी माती. ऊसतोडणीच्या हंगामात ट्रॅक्टर आणि ट्रकच्या चाकांबरोबर शेतातला चिखल डांबरी रस्त्यावर येतो. तो मोटारीच्या रिमच्या आतील बाजूला चिकटून वाळला की चाकाचे संतुलन बिघडते आणि वेगात स्टिअरिंग थरथरते. समोरून उसाची बैलगाडी वा दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर आला की मोटार साइडपट्टीवर उतरवावी लागते. तेथील खडीचे टवके चाकाच्या कडांवर बसतात. म्हणजे येथे लागणारा लेप क्षाराला दाद न देणारा आणि खडीचा मार सोसणारा असावा लागतो.

आधी तपासणी, मग रंगरंगोटी

नव्या लेपाखाली जुना तडा झाकला जाऊ शकतो. पुणे-सोलापूर महामार्गावर भिगवण-इंदापूरच्या टप्प्यात वाहने मोठ्या वेगाने धावतात. तेथे तडा गेलेले चाक म्हणजे प्राणाशी गाठ. म्हणूनच टायर उतरवून, जुना लेप पूर्ण काढून चाकाची आतील बाजूही पाहिली पाहिजे. बारीक तडे डोळ्यांना दिसत नाहीत. त्यासाठी पृष्ठभागावर भेदक रंगद्रव्य लावून तडा उघड करण्याची चाचणी करता येते. चाक यंत्रावर फिरवून ते वाकडे झाले आहे का, हेही पाहावे.

कडेवरचे वरवरचे ओरखडे भरून घेता येतात. आऱ्यांना, मध्यभागाला किंवा नटांच्या छिद्रांजवळ तडा असेल, तर वेल्डिंगच्या भरीस न पडता चाक बदलावे. वेल्डिंगच्या उष्णतेने सांध्याभोवतीचा धातू मऊ पडतो आणि त्याची मूळ ताकद साध्या दुकानात परत आणता येत नाही. जुनी मोटार घेणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावे. नव्याने रंगवलेली चाके दिसली की आतील बाजू पाहिल्याखेरीज सौदा करू नये.

कोणता लेप कशासाठी

द्रवरूप रंग : प्रायमर, रंगाचा थर आणि वर पारदर्शक लॅकर, अशी ही पद्धत. छटा मूळ रंगाशी जुळवणे यात सर्वांत सोपे. त्यामुळे एकच चाक खराब झाले असेल तर हाच पर्याय व्यवहार्य ठरतो. पुढे ओरखडा पडल्यास तेवढाच भाग दुरुस्त करता येतो. लेप तुलनेने पातळ असल्याने खडीचा मार मात्र तो कमी सोसतो.

पावडर कोटिंग : विद्युतभारित कोरडी भुकटी चाकावर फवारतात आणि भट्टीत वितळवून तिचा एकसंध थर बनवतात. हा थर साधारण ६० ते ८० मायक्रॉन जाडीचा असतो. तो खडी, चिखल आणि क्षार यांना चांगला टिकतो. तोटा असा, की एका जागी टवका उडाला तर तेवढीच डागडुजी बेमालूम होत नाही. छटाही तंतोतंत जुळत नसल्याने चारही चाके एकदम करून घेणे श्रेयस्कर.

डायमंड कट : चाकाचा दर्शनी भाग लेथवर हिऱ्याच्या हत्याराने तासून चकाकता केला जातो आणि त्यावर केवळ पारदर्शक लॅकर दिले जाते. दिसायला हा प्रकार सर्वांत देखणा, पण तितकाच नाजूक. लॅकरला टवका उडाला की पाणी आत शिरते आणि धाग्यासारख्या पांढऱ्या रेषा लॅकरखाली पसरत जातात. शिवाय प्रत्येक वेळी तासताना धातूचा थर जातो, त्यामुळे हे काम मोजक्याच वेळा करता येते. खारे पाणी आणि खडीचा रस्ता नित्याचा असेल, तर कंपनीकडून डायमंड कट आलेले चाकही पुढच्या वेळी पूर्ण रंगवून घेणे शहाणपणाचे ठरते.

पॉलिश आणि क्रोम : नुसते पॉलिश केलेले अ‍ॅल्युमिनियम नियमित घासावे लागते, दुर्लक्ष होताच ते काळवंडते. खऱ्या क्रोम मुलाम्यात सामान्यतः तांबे, निकेल आणि क्रोमियम असे थर चढवतात. कडेला मुलामा सुटला की त्याचे पापुद्रे धारदार होतात. पारंपरिक प्रक्रियेतील षट्संयुजी क्रोमियम विषारी असल्याने सांडपाण्याची शास्त्रशुद्ध विल्हेवाट आवश्यक असते. ‘क्रोम’ म्हणून स्वस्तात मिळणारे काम अनेकदा चकाकणाऱ्या रंगाची फवारणी असते. ते आधी विचारून घ्यावे.

भट्टीची मर्यादा

पावडर कोटिंग निवडताना एक बाब डावलता येत नाही. मोटारींची बहुतेक ओतीव चाके अ‍ॅल्युमिनियमच्या ज्या मिश्रधातूची असतात, त्यात सुमारे सात टक्के सिलिकॉन आणि अत्यल्प मॅग्नेशियम असते. कारखान्यात असे चाक ५०० अंश सेल्सिअसहून अधिक तापवून पाण्यात थंड करतात आणि नंतर साधारण दीडशे अंशांच्या आसपास काही तास ठेवतात. त्यातून त्याला ताकद येते. पुढे हेच चाक फार तापले किंवा पुनःपुन्हा दीर्घकाळ भट्टीत राहिले, तर ही ताकद घटते.

पावडर पक्की होण्यास साधारण १८० ते २०० अंश तापमान आणि काही मिनिटांचा अवधी पुरतो. फाटके आणि खिडक्यांच्या जाळ्या भाजणाऱ्या भट्टीत तापमानावर काटेकोर नियंत्रण असेलच असे नाही. तापमान किती आणि किती वेळ, हे चाक देण्यापूर्वीच विचारावे. पावडर उत्पादकाने सांगितलेल्या तापमानापेक्षा अधिक उष्णता देऊ नये.

रंगछटेचा विचार

चकचकीत काळ्या रंगावर क्षारांचे ठिपके आणि धूळ तत्काळ उठून दिसतात. मॅट काळा रंग आकर्षक असला तरी त्यावर ओरखडा पडल्यास पॉलिश करता येत नाही; केल्यास तेथेच चकाकी येते. रुपेरी आणि मध्यम करड्या छटांवर ब्रेकची भुकटी, धूळ आणि पाण्याचे डाग हे तिन्ही सर्वांत कमी जाणवतात. रोज बारामती-इंदापूर परिसरात धावणाऱ्या वाहनासाठी करड्या छटेचे पावडर कोटिंग हा दिसणे आणि टिकणे यांचा चांगला मेळ आहे.

काम देताना आणि घेताना

* जुना रंग कसा काढणार, ते विचारावे. कॉस्टिक सोडा आणि तीव्र आम्ले दोन्ही अ‍ॅल्युमिनियमला खातात.
* टायर, व्हॉल्व्ह आणि हवेच्या दाबाचे सेन्सर काढल्याशिवाय चाक भट्टीत जाऊ देऊ नये.
* नट बसण्याच्या जागा आणि हबला टेकणारा मागील भाग झाकूनच लेप द्यावा. तेथे जाड थर राहिल्यास तो पुढे दबतो आणि नट सैल पडतात.
* टायरची कड जेथे बसते तो भाग स्वच्छ आणि समतल हवा. तेथे खड्डे वा पोपडे राहिल्यास ट्यूबलेस टायरची हवा हळूहळू उतरते.
* टायर चढवल्यानंतर बॅलन्सिंग करून घ्यावे. नट कंपनीने सांगितलेल्या दाबाने आवळावेत आणि ५० ते १०० किलोमीटरनंतर पुन्हा तपासावेत.

निगा

प्रवासाहून आल्यावर गरम चाकांवर लगेच पाणी ओतू नये. सौम्य शाम्पू आणि मऊ ब्रश पुरेसा असतो. आम्लयुक्त क्लीनर टाळावेत. पाणी जड असेल तर चाके उन्हात वाळू न देता फडक्याने कोरडी करावीत. हंगामात रिमच्या आतील चिखल दर आठवड्याला काढावा. लेपाला टवका उडालेला दिसताच तो बंद करून घ्यावा. पुढच्या पावसाळ्यापर्यंत थांबलेल्या टवक्यातून पूर्ण चाकाचा खर्च उभा राहतो.