टेंप्लर संघ

मध्ययुगातील ख्रिस्ती धर्मयोद्ध्यांचा एक लष्करी-धार्मिक संघ. पहिल्या धर्मयुद्धात (१०९६–९९) जेरूसलेम ख्रिस्ती लोकांच्या हाती आले, तरी तेथे जाणाऱ्या यात्रेकरूंची वाटेत लूटमार होई. त्यांच्या रक्षणासाठी ऊग द पेयां या फ्रेंच सरदाराने सु. १११९ मध्ये हा संघ स्थापिला. जेरूसलेमचा राजा दुसरा बॉल्डविन याने त्यास अल्-अक्सा मशिदीच्या वास्तूत जागा दिली. ही वास्तू म्हणजे सॉलोमनचे मंदिर, अशी धर्मयोद्ध्यांची समजूत असल्याने संघास ‘टेंप्लर’ (मंदिराचे) हे नाव पडले.

संन्याशाच्या व्रतांना शस्त्रधारणाची जोड देणे ही त्या काळी नवीनच कल्पना होती. संत बर्नार्डने तिचे समर्थन केले व त्र्वा येथील धर्मपरिषदेने (११२९) संघास मान्यता दिली. व्यक्तिशः निर्धन राहण्याची शपथ घेणाऱ्यांचा हा संघ यूरोपभर मिळालेल्या जमिनींमुळे धनाढ्य झाला. एका ठाण्यात पैसा भरून दूरच्या ठाण्यात तो उचलण्याची, हुंडीसारखी, सोय त्याने केली. फ्रान्सचा राजकोशही दीर्घकाळ त्याच्या पॅरिसमधील गढीत असे.

१२९१ मध्ये एकर पडले. संघाचे मूळ प्रयोजन गेले. संपत्ती मात्र राहिली. सतत द्रव्यटंचाईत असलेला फ्रान्सचा राजा चौथा फिलिप याने १३ ऑक्टोबर १३०७ रोजी राज्यातील टेंप्लरांना एकाच वेळी अटक करविली. ख्रिस्ताचा इन्कार, क्रूसावर थुंकणे, मूर्तिपूजा इ. आरोप ठेवण्यात आले. पॅरिसमध्ये जबान्या झालेल्या १३८ जणांपैकी केवळ चौघांनी ते सर्व नाकारले. पण हे कबुलीजबाब छळाने वा छळाच्या धाकाने मिळविलेले होते. सायप्रसमध्ये मात्र टेंप्लरांनी आरोप फेटाळले व संघाबाहेरील साक्षीदारांनीही त्यांचीच बाजू घेतली. फ्रान्समधील अनेकांनी पुढे जबाब मागे घेतले. तथापि कबुली देणाऱ्यास प्रायश्चित्त आणि ती मागे घेणाऱ्यास पुन्हा पाखंडाकडे वळलेला म्हणून मृत्यू, असा तत्कालीन न्याय होता. त्यानुसार १२ मे १३१० रोजी ५४ जणांना पॅरिसजवळ जिवंत जाळण्यात आले.

पोप पाचवा क्लेमेंट याने १३१२ मध्ये संघास दोषी न ठरविताच तो बरखास्त केला. अखेरचा प्रमुख झाक द मोले याने जाहीरपणे कबुली नाकारल्याने मार्च १३१४ मध्ये त्यालाही जाळण्यात आले. वस्तुतः शिनाँ येथे पोपच्या प्रतिनिधींनी १३०८ मध्येच त्याला पापमुक्ती दिली होती; हा दस्तऐवज व्हॅटिकनच्या दप्तरखान्यात २००१ मध्ये आढळला. संघाच्या गुप्त खजिन्याविषयीच्या कथांना मात्र कागदोपत्री आधार नाही.

संघाची बहुतेक मालमत्ता हॉस्पिटलर संघास मिळाली. पोर्तुगालचा राजा दिनिश याने ती नव्या ‘ख्रिस्त संघा’कडे (१३१९) वळविली. भारताकडे आलेल्या पोर्तुगीज जहाजांच्या शिडांवर याच संघाचा क्रूस असे.