भाभांनी इंजिनीअरिंग सोडलं, पण कधी?

पहिल्या वर्षाचा निकाल लागला की पोरगं घरी विचारतं, "झेपत नाहीये, शाखा बदलू का?" कफ परेडच्या मच्छीमार नगरात हा प्रश्न जास्त टोचतो. 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत यांत्रिक बोटींना मासेमारी बंद, आणि कॉलेजची फी भरायची वेळ नेमकी त्याच सुमारास.

मग कुणीतरी होमी भाभांचा दाखला देतो. देणारच म्हणा, मच्छीमार नगरातून खाली दक्षिणेला गेलं की नेव्ही नगरच्या टोकाला त्यांचीच टीआयएफआर उभी आहे. "त्यांनीही इंजिनीअरिंग सोडून फिजिक्स धरलं!" खरंय. पण गोष्ट अर्धीच सांगतात.

एल्फिन्स्टन आणि रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये शिकून भाभा 1927 साली केंब्रिजला गेले. घरच्यांचा बेत असा, की मेकॅनिकल इंजिनीअर होऊन पोरानं जमशेदपूरच्या टाटांच्या कारखान्यात यावं. सर दोराबजी टाटा नात्यातलेच, नोकरी ठरल्यासारखीच. 1928 साली भाभांनी वडिलांना पत्र लिहून स्पष्ट कळवलं की इंजिनीअरची नोकरी आपल्या पिंडात नाही, फिजिक्सच करायचंय. वडील बॅरिस्टर. त्यांनी अट घातली: आधी मेकॅनिकलची ट्रायपॉस फर्स्ट क्लासमध्ये काढ, मग गणिताच्या ट्रायपॉसचा खर्च मी देतो. 1930 साली भाभांनी फर्स्ट क्लास आणला आणि मगच गणिताकडे वळले.

म्हणजे नावडतं शिक्षण त्यांनी सोडलं नाही, संपवलं. आणि पुढच्या वर्षांचे पैसे घरात होते. माझ्या मते या गोष्टीत "मनाचं ऐका" यापेक्षा ते पैसे मोठे. होडीवाल्या बापाला अशी अट घालणंच परवडत नाही, कारण पोरानं ती पुरी केली तर पुढचं देणार कुठून?

उलटं उदाहरण कमला सोहोनींचं, माहेरच्या भागवत, दुर्गाबाईंची बहीण. 1933 साली मुंबई विद्यापीठातून रसायनशास्त्र घेऊन बीएस्सी झाल्या. बंगळूरच्या इन्स्टिट्यूटमध्ये सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून प्रवेश नाकारला. त्या हटून बसल्या, तेव्हा वर्षभर पारखून बघू या अटीवर घेतलं. विषय बदलला असता तर घरात कुणी नाव ठेवलं नसतं, उलट सुटकेचा श्वास टाकला असता लोकांनी. त्या टिकल्या. दूध आणि डाळींतल्या प्रथिनांवर काम केलं, 1939 साली केंब्रिजची पीएचडी मिळवली.

पण त्यांचे वडील आणि काकाही त्याच बंगळूरच्या संस्थेत रसायनशास्त्र शिकलेले. विषय कठीण गेला तर घरातच विचारायला माणूस होतं. मच्छीमार नगरातल्या पहिल्या पिढीच्या इंजिनीअरला तेही नाही. तो क्लासच्या सरांना विचारतो, आणि सरांची फी वेगळी.

कमलाबाई पुढे रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये बायोकेमिस्ट्रीच्या प्राध्यापक झाल्या, नंतर संचालकही. भाभा शिकले तीच ही संस्था. मादाम कामा रोडवर आहे, मच्छीमार नगरातून चालत जाता येतं.